हाकेच्या अंतरावर

सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटताना जसा बारीक, कोरडा सुस्कारा ऐकू येतो, तसा तो आवाज होता. मिरजेच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागात, घशातली नळी काढल्यानंतर मी पहिल्यांदा बोलले तेव्हाचा. मला ‘पाणी’ म्हणायचे होते. ओठ नेमके मिटले, जीभ तिच्या जागी गेली, आणि शब्दाऐवजी नुसती हवा बाहेर पडली. परिचारिकेने माझ्या तोंडाजवळ कान आणला, मग खांद्यावर थोपटत म्हणाली, “नळीनं घसा बसलाय, मावशी. दोन दिवसांत सुटंल.”

मी तिच्यावर विश्वास ठेवला. छातीवर उभी पट्टी होती, मनगटात सुया होत्या, आणि मी जिवंत होते. आवाजाची तक्रार करणे त्या क्षणी कृतघ्नपणाचे वाटले असते.

हृदयावरच्या शस्त्रक्रियेविषयी लिहिलेले पुष्कळ सापडते. ती यशस्वी झाल्यानंतरही जे बिघडू शकते, त्याविषयी मात्र घरात आणि दवाखान्यात कमी बोलले जाते. माझे जे बिघडले ते जिवावरचे नव्हते. माझ्या कामावरचे होते. मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते; कविता मोठ्याने वाचून दाखवणे हे सव्वीस वर्षे माझे काम आहे.

ओळीच्या मधोमध

आजार मला आधी कवितेतच भेटला. एक लांब ओळींची कविता वर्गात वाचताना ध्यानात आले की ओळ संपण्याआधी माझा श्वास संपतो आहे. कवीने जिथे विराम दिलेला नाही तिथे मी थांबू लागले. मुलांना ती मॅडमची शैली वाटली. एका मुलीने स्नेहसंमेलनात तिची नक्कल करून टाळ्याही घेतल्या. मग जिन्याच्या वळणावर थांबणे आले, फळा पुसताना थांबणे आले, आणि एका सकाळी केस विंचरताना हात वर धरवेना.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर माझे हृदय दाखवले. करड्या धुक्यात काहीतरी उघडत होते, मिटत होते, पण पुरते उघडत नव्हते.

“झडप अरुंद झालीय,” ते म्हणाले. “गोळ्यांनी ती रुंद होणार नाही. बदलावी लागेल.”

माझे यजमान लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी पाठ ताठ करून विचारले, “कधी रिपोर्ट करायचं, सर?”

डॉक्टर हसले. मीही हसले. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र पर्सचा बंद माझ्या खांद्यावर राहीना. यांनी ती मोतिया रंगाची बायकी पर्स काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि भर बाजारातून स्टँडपर्यंत तशीच मिरवली. ओळखीचे दोघे भेटले, तरी उतरवली नाही.

‘ऑपरेशन मात्र उत्तम झालं’

शस्त्रक्रियेसाठी मिरज निवडली, कारण आमचे गावाकडचे घर कुंडलला, उसाच्या मळ्यात आहे. तिथून मिरजेला जाणे-येणे सोपे. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हळूहळू सरकत होती आणि वाटेवर पडलेल्या चिपाडांचा आंबूस-गोड वास आत येत होता.

रुग्णालयातल्या दिवसांना एक पक्के वेळापत्रक असते. पहाटे रक्त काढायला येतात. मग अंग पुसणे, मग वजन. मग तीन चेंडूंचे निळे यंत्र: श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एक चेंडू हलला. चौथ्या दिवशी दोन उचलले गेले आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी टाळी वाजवली. मधे, तिसऱ्या दिवशी, हृदय तालातून सुटले. छातीत कोणीतरी घाईघाईने भांडी आवरत असल्यासारखे वाटले. औषध दिले, रात्र गेली, ताल परत आला. असे होते, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. आधी सांगितलेले असले की भीतीला निदान नाव असते.

आवाजाविषयी कोणी सांगितलेले नव्हते. मी गळ्याकडे बोट दाखवले की प्रत्येक जण म्हणे, “ऑपरेशन मात्र उत्तम झालं.” ते खरेच होते. नव्या झडपेचा बारीक टिकटिक असा आवाज शांत खोलीत मला स्वतःला ऐकू येई. माझ्या देहात आता तेवढेच काय ते बोलत होते.

काढा

दहाव्या दिवशी कुंडलला आले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशीच पद्धत. आत्या ऐंशीच्या घरात आहेत, सकाळी म्हशीची धार अजून स्वतः काढतात, आणि डॉक्टरांनी सांगितलेले ऐकून घेऊन शेवटी आपले औषध जोडतात.

“आवाज बसलाय निस्ता,” माझी फुसफुस ऐकून त्यांनी निदान केले. “नळी घातली व्हती न्हवं घशात? बांधाला आडुळसा लय हाय. जेष्ठमध घालून काढा देती. चार दिसात बोलाया लागशील बघ.”

तो काढा दिवसातून तीनदा, ऊन-ऊन आणि पातळ. कडू-गोड, मातकट, वर गुळाची वाफ. प्रत्येक घोटातला थोडासा भाग चुकीच्या वाटेने जाई आणि ठसका लागे. ठसका लागला की छातीशी उशी कवटाळायची, नाहीतर तारेने शिवलेले हाड कोणी दोन्ही बाजूंनी ओढते आहे असे वाटते. मी काढा प्यायला आत जाऊ लागले. मोरीचा नळ सोडायचा आणि त्याच्या आवाजात खोकून घ्यायचे.

का? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे. दवाखान्यात सांगितले होते की खोकणे चांगले, कफ सुटतो. तेव्हा ठसका म्हणजे सुधारणा, असे मी मनाशी ठरवून टाकले. पण खरे कारण ते नव्हते. आत्या दहिवरात भिजत बांधावर जाऊन तो पाला आणत. सुनेने सासूच्या हातचे प्यावे आणि तोंड वेडेवाकडे करू नये, हे मला कोणी शिकवले नव्हते. ते आमच्या हाडात असते. मी पदवीधर, पुस्तके लिहिलेली, आणि मोरीत लपून खोकत होते.

घरी आल्याच्या आठव्या दिवशी ताप चढला. संध्याकाळी श्वास उथळ झाला, ओठ गार पडले. यांनी मला गाडीत घातले आणि मिरज.

भांडण थांबत नाही

पातळ पदार्थ पोटाऐवजी फुप्फुसात उतरत होते. डॉक्टरांनी विचारले, “घरी काय काय पीत होत्या?” आत्यांनी अभिमानाने सांगितले. डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिले. ते बाहेर जाताच वादळ उठले.

“आई, डॉक्टरनं लिहून दिलं व्हतं का काढा?”

“आरं, आडुळसा हाय त्यो. मी काय इख दिलं व्हय रं तिला?”

“मग कुणाच्या ऑर्डरनं दिलास? इथं हार्टचं ऑपरेशन झालंय, म्हशीचं न्हाई!”

माझ्या नाकात नळी होती आणि हातात कागद. मी लिहू लागले. भांडण कागदासाठी थांबत नाही, हे मला त्या दिवशी कळले. मी पहिले वाक्य लिहीपर्यंत ते काढ्यावरून जुन्या कुठल्या तरी लग्नावर गेले होते, आणि दुसरे लिहीपर्यंत आत्या पदर डोळ्यांना लावून दाराकडे निघाल्या होत्या. शेवटी मी स्टीलचा पेला उचलला आणि खाटेच्या दांडीवर तीनदा आपटला. अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. मी कागद वर धरला.

आत्यांना वाचता येत नाही. यांना तो मोठ्याने वाचावा लागला, हजेरी घ्यावी तसा, एकेक शब्द सुटा:

“मी खोकला लपवला. आत्यांचा दोष नाही.”

मग आत्या खाटेजवळ आल्या.

“लपवलास? का गं?”

मी कागद उशीखाली सरकवला.

“एवडी शिकली सवरली,” त्या म्हणाल्या, “आन् खोकला लपवती. आमच्या म्हशीला ठसका लागला तर ती दावं तोडती!”

पलीकडच्या खाटेवरची बाई फसकन हसली. मग हे हसले. मला हसता येत नव्हते, दुखत होते. पण आत्यांनी माझ्या पायावर जो हात ठेवला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अशा शस्त्रक्रियेतून नुकते घरी आले असेल, तर एवढे एकच मी हक्काने सांगेन. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज हवेसारखा येत असेल, तर तो कोणाच्याही मायेखातर लपवू नका. त्याच दिवशी सांगा.

वळसा घेणारी नस

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि मला माझा गळा दाखवला. दोन फिकट पट्ट्या. उजवी मिटायला धावत होती, डावी जागच्या जागी पडून होती.

त्यांनी कागदावर एक रेघ काढून समजावले. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मेंदूकडून निघते, पण थेट गळ्यात थांबत नाही. ती छातीत खोल उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते आणि मग पुन्हा गळ्याकडे चढते. हृदयाजवळ काम करताना ती कधीकधी दुखावते. मी त्या रेघेकडे पाहत राहिले. बोलण्यासाठी आपल्याला हृदयाला वळसा घालून यावे लागते, असे एखाद्या विद्यार्थ्याने कवितेत लिहिले असते तर मी समासात ‘अतिशयोक्ती’ असा शेरा मारला असता.

‘परत येईल?’ मी लिहिले.

“येऊ शकेल. सहा महिने, वर्ष. नस जागी होईल, नाहीतर उजवी बाजू थोडं पुढे सरकून काम भागवायला शिकेल. नाहीच झालं तर छोटा उपचार आहे. पण खात्री मी देत नाही.”

त्यांनी खात्री दिली नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मग रुबीना आली. ती त्याच रुग्णालयात बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार करते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहे. तिने पहिल्यांदा माझे पाणी बंद केले. पातळ काहीच नाही. हनुवटी छातीकडे झुकवून, दाट पदार्थ, छोटा घास.

“दाट म्हंजी किती?” आत्यांनी विचारले. त्या प्रायश्चित्ताच्या तयारीनेच बसल्या होत्या.

“मधासारखं, आजी.”

“कंचा मध? बाटलीतला का पोळ्याचा?”

रुबीना विचारात पडली. “चमच्यातून धार नाही, थेंब पडला पाहिजे.”

“असं सांग की. पिठल्याच्या आदी आन् आंबिलीच्या म्होरं.”

त्या दिवसापासून माझा चहासुद्धा पिठल्याच्या आधी आणि आंबिलीच्या पुढे असा, दाट होऊन येऊ लागला. त्याची चव सांगत नाही. पण पाण्याचा विचार मी जितका त्या महिन्यांत केला, तितका कोणत्याही कवितेचा केला नसेल. माठावर ओला फडका बदलताना त्याचा वास येई, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जाई.

भिंतीकडे तोंड करून

यानंतरचे दोन-तीन आठवडे मी सुबक शब्दांत मांडू शकत नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जखम भरत होती, फुप्फुसे निवळली होती, झडप टिकटिक करत होती. सगळे अहवाल चांगले होते, आणि मला उठावेसे वाटत नव्हते. मुलगा फौजेत, आसामकडे. तो व्हिडिओ कॉलवर म्हणे, “आई, काहीतरी बोल ना,” आणि मी कॅमेऱ्यापुढे कागद धरत असे. एकदा कागद उलटा धरला गेला. दोघांनाही हसू आले नाही.

तपासणीहून परतताना हे एकदा गाडी तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीकडे वळवू लागले. “ऐकायला जाऊया का जरा? तुला आवडतं.” मी नकारार्थी मान हलवली. एक अखंड स्वर ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

त्याच सुमारास प्राचार्यांचा निरोप आला. निरोप अतिशय सौजन्याचा होता. जूनपासून मी वर्गाऐवजी ग्रंथालयाची जबाबदारी घ्यावी. तिथे बोलावे लागत नाही. मेअखेर कळवावे. घरातल्या सगळ्यांना हायसे वाटले. “बसून काम,” हे म्हणाले. “सावलीत.” तेही खरे होते. पुस्तकांचे मला वावडे नाही. पण तो निरोप वाचताना मला स्पष्ट दिसले की जूनमध्ये मी एकदा त्या काचेच्या दारामागे बसले, तर पुन्हा वर्गात उभी राहणार नाही. कोणी मला हाकलणार नव्हते. सगळे माझी काळजी घेणार होते.

पुढच्या वेळी रुबीनाने मला विचारले, “व्यायाम करता का, मॅडम?”

मी कुजबुजले, “करते.”

“नाही करत. आणि हे कुजबुजणं बंद करा. त्याला तुम्ही विश्रांती समजता, पण त्यानं गळा आणखी थकतो. बोलायचं तर बोला, नाहीतर गप्प राहा. रडायचं असलं तरी आवाज काढून रडा.”

मला राग आला. मला शिकवणारी ही कोण, असा अगदी मास्तरकीचा राग. आणि त्या रागातच मी तिच्यासमोर रडले, इतके दिवस भिंतीला सांगत होते ते सगळे. हुंदका आला, आणि त्या हुंदक्याच्या बुडाशी एक खरखरीत, जाड, ओळखू न येणारा तुकडा होता. हवेचा नव्हता.

रुबीना खुर्चीतून पुढे झुकली. “हा! हा तुमचा आवाज आहे. परत काढा.”

मी रडायची थांबले आणि तो परत काढायचा प्रयत्न करू लागले.

नाव घ्या

शल्यविशारदांनी छातीचे हाड जुळल्याचे सांगेपर्यंत ढकलणे, ओढणे, उचलणे बंद होते. ती परवानगी मिळाली तसा खरा सराव सुरू झाला. दाराच्या चौकटीवर दोन्ही तळवे रोवायचे, ढकलायचे आणि त्या जोरात ‘आ’ म्हणायचे. मान एका बाजूला वळवून ‘ई’. मग शब्द. मग हाका.

“घरात कुणाला हाक मारता?” रुबीनाने विचारले.

“अहो,” मी म्हणाले. म्हणजे म्हणाले नाही. ‘अ’ कुठेतरी उमटला आणि पुढचा सगळा शब्द हवा होऊन गेला.

“यात अर्धी हवाच आहे. ठोस सुरुवात होणारं काहीतरी हवं. यांचं नाव काय?”

यांचे नाव दिनकर. मी ते कागदावर लिहिले. तीस वर्षांच्या संसारात ते मी पाकिटांवर लिहिले आहे, अर्जांवर लिहिले आहे, तोंडाने कधी घेतलेले नाही. वर्गात मी स्त्रियांच्या कवितेवर तासन्‌तास बोलते. तरीही नाही.

“झकास,” रुबीना म्हणाली. “‘द’ चांगला. रोज वीस वेळा नावानं हाक मारायची. आधी खाटेपासून चुलीपर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग बांधापर्यंत. वर्गातल्या शेवटच्या बाकाच्या पुढं आवाज गेला की मला सांगा.”

घरी हे सांगितल्यावर आत्या थिजल्या. “दाल्ल्याला नावानं हाक? म्हशीगत?”

“फौजेत मला सगळी आडनावानंच हाक मारायची,” हे म्हणाले. “तू बी मार. फक्त ‘सावधान’ म्हणू नकोस, मी उभा राहीन.”

“तू गप रं,” आत्यांनी झिडकारले. मग बराच वेळ कोंबड्यांना दाणे टाकत राहिल्या. अखेर पदर झाडून म्हणाल्या, “उखाण्यात घ्यायला कोन न्हाई म्हंतंय? उखाण्यात घे की. वीस येळा घे, न्हाईतर शंबर येळा.”

आणि त्यांनी जागच्या जागी रचून दिला:

“कुंडलच्या शिवारात उसाला तुरा,
दिनकररावांचं नाव घेते, दम धरा जरा!”

उखाणा म्हणजे यमकाला जुंपलेली बैलगाडी, असे मी वर्गात अनेकदा म्हटले आहे. ते शब्द मी परत घेते. उखाण्याला एक पहिली ओळ असते, तिच्यात श्वास जमवता येतो. मग नावाच्या आधी एक क्षण थांबायला मिळते. आणि नाव येते तेव्हा ऐकणारे त्याची वाट पाहत असतात. थकलेल्या गळ्यासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. तेव्हापासून मी रोज वीस उखाणे म्हटले. आत्यांचे संपल्यावर स्वतः रचले. यांना गोठ्याशी उभे करून, दारातून:

“डावा तंतू झोपला, उजवा राहिला जागा,
दिनकररावांचं नाव घेते, ऐकू आलं का सांगा!”

“न्हाई आलं!” हे तिकडून ओरडले.

“मग उत्तर कुनाला दिलंस रं, मुडद्या?” आत्या म्हणाल्या.

सगळे दिवस असे हसरे नव्हते. होळीच्या सुमारास साधी सर्दी झाली आणि महिनाभराची कमाई तीन दिवसांत गेली. पुन्हा खाटेपासून सुरुवात. चैत्रात एक अख्खा आठवडा मी सरावाची वही भिरकावून दिली होती. पाणी मात्र परत मिळाले. हनुवटी झुकवून, छोटा घोट, ठसका नाही. त्या पहिल्या घोटाला माठाच्या मातीची चव होती आणि मी तो कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवला.

जो आवाज हळूहळू येऊ लागला तो माझा जुना आवाज नाही, हेही सांगायला हवे. जुना निमुळता, वर चढणारा होता. हा जाड आहे, खाली राहतो, कडेला फाटतो. वरचे स्वर गेले. अंगाई मला आता गाता येत नाही. अजूनही डाव्या बाजूला फारशी हालचाल नाही. उजवीच जास्तीचे चालून जाते. रुबीना म्हणते वर्गात माईक वापरा, आणि मी वापरणार आहे. पण माईकला देण्यासाठीसुद्धा आधी स्वतःचे काहीतरी असावे लागते.

बांध

मे संपत आला. प्राचार्यांना त्या दिवशी कळवायचे होते, आणि मी काय कळवणार हे घरात कोणी विचारत नव्हते. सकाळी आठची वेळ. वीज होती म्हणून हे उसाला पाणी पाजायला गेले होते. ऊस डोक्याच्या वर गेला होता, आत गेलेला माणूस दिसत नव्हता. कुठेतरी खोल, पार पलीकडच्या सऱ्यांत, त्यांच्या खोऱ्याचा ओल्या मातीतला चप्-चप् आवाज येत होता, आणि ओल्या मातीचा थंड वास.

मी घरापासून चालत बांधापर्यंत गेले. न थांबता. वर्गातल्या शेवटच्या बाकाचे अंतर मी मनाने मोजले. हे त्याच्या दुप्पट तरी होते. आत्या वैरणीचा भारा टाकून माझ्यामागून आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

उखाणा एवढ्या लांब जात नाही. तो दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचता-पोहोचता पानांत विरतो. एवढ्या लांब जायला एकच शब्द लागतो. मी आत्यांकडे पाहिले.

त्यांना कळले. त्या उसाकडे तोंड करून म्हणाल्या, “मार. मी काय ऐकलंच न्हाई.”

पहिल्या वेळी आवाज मधेच फाटला. पानांवरून दोन बगळे उठले, तेवढेच. दुसऱ्या वेळी ‘दि’ चांगला निघाला आणि पुढचे हवेत गेले. पलीकडे खोरे चालूच होते. मी हनुवटी किंचित वळवली, तळवे एकमेकांवर दाबले, छातीतली टिकटिक ऐकू येईपर्यंत श्वास भरून घेतला.

“दिनकर!”

जाड, खरखरीत, कडेला चिरलेला तो आवाज उसात शिरला आणि शिरत गेला. मी त्याच्यामागून ऐकत राहिले. खोरे थांबले. पाण्याची झुळझुळ तेवढी उरली. आत्यांनी माझा दंड धरला होता, तो मला नंतर दुखला.

मग उसाच्या पार तळातून, लांबून, उत्तर आले:

“ओ!”